लातूरहून कोकण: क्रूझर भरण्याआधीचं बोलणं

कोकणासाठी फोन येतो तेव्हा समोरच्याची यादी तयारच असते. अंबाबाई, ज्योतिबा, गणपतीपुळे, मालवण, जमलं तर गोवा आणि येताना पंढरपूर. दिवस किती? चार. मी लातूरजवळच्या औशाचा, क्रूझर चालवतो, आणि या यादीवर माझं म्हणणं दर वेळी एकच असतं: यातलं निम्मं खोडा, मग भाड्याचं बोलू.

मला धंदा बुडवायची हौस नाही. पण आपल्याकडचा किलोमीटरचा हिशोब तिकडं चालत नाही. औशाहून तुळजापूरला आपण गप्पा मारता मारता पोचतो. कोकणात सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्या मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचा पट्टा. डोंगरावरून नद्या धावत उतरतात आणि प्रत्येकीची शेवटी खाडी होते. म्हणून किनाऱ्याचा रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो, खाडीवर उतरतो, पूल ओलांडतो आणि परत चढतो. नकाशात बोटभर दिसणारं अंतर दोन तास खातं. गणपतीपुळ्याहून मालवण एका दमात मारायचं म्हटलं की अख्खा दिवस गाडीत जातो. मागच्या सीटवरची म्हातारी माणसं समुद्र खिडकीतूनच बघतात.

तेव्हा एकच टापू धरायचा. दोन-तीन मुक्काम एकाच गावात टाकायचे आणि तिथूनच फिरायचं.

पहिल्यांदा निघालाय, सोबत आई-वडील आहेत, तर रत्नागिरी-गणपतीपुळे-पावस. पोरं कॉलेजची आहेत, पाण्यात उतरायचंय, मासे खायचेत, तर मालवण-तारकर्ली आणि हाताशी देवगडचं कुणकेश्वर. हे दोन्ही झालेलं असेल तर दापोली-हर्णै-गुहागर. गोवा वेगळा ठेवा. त्याच्यासाठी वेगळी गाडी आणि वेगळी माणसं लागतात.

कधी निघायचं

शाळेची सुट्टी बघून सगळेच निघतात, त्यामुळं दिवाळीनंतरचा आठवडा आणि वर्षाचा शेवटचा आठवडा खोल्यांचे भाव दुप्पट असतात. शेतकऱ्याच्या घरासाठी मला नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस चांगले वाटतात. सोयाबीन विकलेलं असतं, हातात दोन पैसे असतात, हरभरा पेरून झालेला असतो. तिकडं हवा कोरडी, रात्री जरा गार, समुद्रही शांत.

मे महिन्यात आंबा असतो हे खरं. पण आपलं बेचाळीसचं ऊन सोसणारा गडीसुद्धा तिकडच्या चौतीसमध्ये हैराण होतो. आपल्याकडं घाम वाळतो, तिकडं वाळतच नाही. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला मे महिन्यात नेऊ नका. गणपतीच्या आठवड्यात तर नावच काढू नका, मुंबईचे चाकरमानी सगळे गावाकडं आलेले असतात.

पावसाळ्यात धबधब्यांसाठी आंबोली आहे. तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडं सातशे झाला तरी आपण पेढे वाटतो. पण तेव्हा घाटात दरडी पडतात, बोटी बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. पावसाळ्यात निघायचंच असेल तर घाट चालू आहे का हे आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात विचारायचं.

रस्ता आणि घाट

नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्या दारातूनच जातो: नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. रात्री नऊला निघालं की पहाटे कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, आंघोळी उरकायच्या आणि उजेडात आंबा घाट उतरायचा. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. मलकापूर, आंबा, मग घाट आणि खाली साखरपा. साडेतीन तास धरा.

रात्रभर चालवलेल्या ड्रायव्हरला घाट उतरवायला लावू नका. दुसरा ड्रायव्हर घ्या, नाहीतर कोल्हापुरात त्याला तीन तास झोपू द्या. भाडं ठरवताना हे आधीच बोलून घ्यायचं असतं. सोबत हेही विचारायचं: भाडं किलोमीटरवर की दिवसावर, टोल कुणाचा, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीची झोपायची सोय कुणाकडं. तोंडी ठरलेलं व्हॉट्सॲपवर एकदा लिहून पाठवलं की परतीच्या वेळी भांडण होत नाही.

कोल्हापुरात मिसळ खाऊन घाटात उतरणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात ओला विषय. क्रूझरमध्ये मागं समोरासमोरच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांना आधी मळमळतं. ज्याला गाडी लागते त्याला पुढं तोंड करून बसवा. सकाळी इडली किंवा पोहे, तेही कमीच. आवळा सुपारी आणि लिंबू खिशात, पिशव्या हाताशी. मिसळ परतीच्या वाटेवर चापून खा, तेव्हा घाट मागं पडलेला असतो.

गाडी स्वतः चालवत असाल तर उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक तापले की आधी वास येतो. वास आला की बाजूला जागा बघून थांबायचं. गार पाणी मारायचं नाही. वाटेत माकडांना शेंगा टाकायला गाडी थांबवू नका. वळणावर थांबलेली गाडी मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही.

गाडी करायची नसेल तरी जाता येतं. कोल्हापूर-नागपूर एक्स्प्रेस परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज करत कोल्हापूरला जाते. ती रोज नसते, तेवढं बघून तिकीट काढा. कोल्हापूरहून रत्नागिरीला आणि मालवणला एसटी आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. चार म्हातारी माणसं आणि दोन बाया असतील तर क्रूझरपेक्षा हे किती तरी स्वस्त पडतं. मीच सांगतोय.

समुद्र पंचांगावर बघायचा

ही गोष्ट मला हर्णैच्या एका बोटवाल्या नाखव्यानं शिकवली आणि तेव्हापासून गाडीत डॅशबोर्डवर पंचांग असतं. तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊण पट करा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. समजा चतुर्थी आहे. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती पूर्ण असणार. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ येतात, म्हणजे सकाळी समुद्र अंगावर आलेला आणि दुपारी अडीचला किनारा उघडा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, म्हणून उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचंच. पण घरी बसून बेत आखायला हे पुरतं.

पुनवेला आणि अवसेला उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या सुमाराला खूप वर येते आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. किनाऱ्यावर लांब चालायचं असेल, शिंपले वेचायचे असतील तर पुनवेची सकाळ धरा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर तर ओहोटीलाच चालत जाता येतं. वेळ चुकली की बोट शोधावी लागते.

आता आंघोळीचं. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारून मोठी झालेली असतात, त्यामुळं त्यांना समुद्राची भीती वाटत नाही. बुडतातही तीच. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राची लाट येते तेव्हा तुम्हाला वर ढकलते आणि परतताना पायाखालची वाळू काढून घेते. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला लागतं. माझे नियम सरळ आहेत. पाणी ओसरत असताना आत जायचं नाही. गुडघ्याच्या वर जायचं नाही. समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. जीवरक्षकाची शिट्टी ऐकू आली की वाद न घालता बाहेर. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजत बसू नका, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या ओढीच्या बाहेर निघायचं, मग किनाऱ्याकडं वळायचं. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला मी परत गाडीत घेत नाही, हे निघतानाच सांगतो.

आजीला समुद्रस्नान करायचं असतं, ते करू द्या. पण नऊवारी भिजली की केवढी जड होते हे तिला आठवण करून द्यावं लागतं. लाट जिथं फेस होऊन संपते तिथं तिला बसवायचं, दोन्ही बाजूंना दोघी जणी, आणि पाणी तांब्यानं घालायचं. पुण्य तेवढंच मिळतं.

गाडी वाळूत घालू नका. ओली वाळू वरून फरशीसारखी दिसते आणि चाक रुतलं की भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधायचा असतो. ट्रॅक्टरवाल्यालाही तुमची घाई दिसत असते, भाव तो त्याप्रमाणं सांगतो.

रत्नागिरीचे दोन दिवस

मुक्काम गणपतीपुळ्यात किंवा शेजारच्या मालगुंडला. सकाळी लवकर दर्शन. देव डोंगराच्या पायथ्याशी आणि अख्खा डोंगरच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. वाट बांधलेली आहे, साधारण किलोमीटरभराची. ऊन चढायच्या आत करा, नाहीतर अनवाणी पाय भाजतात. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. १८६६ साली ते तिथं जन्मले. मराठीचा मास्तर गाडीत असेल तर तास धरा, नसेल तर अर्धा.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना हायवे सोडा, आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता घ्या. पंचवीसच किलोमीटर, पण कोकणात येऊन काय बघितलं असं कुणी विचारलं तर मी हाच रस्ता सांगेन. टेकडीवर गाडी लावायला जागा आहे, तिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात.

रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा. सोमवारी जाऊ नका, राजवाड्यातलं वस्तुसंग्रहालय बंद असतं. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला समुद्रापलीकडं रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, राजा वारला १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षं कैदेत काढून वाड्याचं सुख पाच-सहा वर्षांचं. आमच्या गाडीतली निजामाचं राज्य बघितलेली एक आजी वरच्या मजल्यावर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "राजा असो का कोणी, परगावी कोण इचारतंय." बाकीचे तोवर खाली चहाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी पावस. स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, जागा शांत आहे, दुपारी प्रसाद असतो. दुपारची वेळ धरून गेलात तर जेवणाचा प्रश्नही सुटतो. पुढं पूर्णगड आणि कशेळीचा कनकादित्य. ज्यांना देवळांचा कंटाळा आलाय त्यांनी कातळशिल्पं बघावीत. सड्यावरच्या जांभ्या दगडात कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. उक्षीचा हत्ती रत्नागिरीहून जवळ आहे. आमच्या खरोशाच्या लेण्याही जांभ्यातच कोरलेल्या, त्यामुळं औसा तालुक्यातल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटतो. फक्त इकडं डोंगर पोखरलाय आणि तिकडं जमिनीवर रेघ मारलीय. जायचं ते सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर. तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात, भर दुपारी नुसता दगड दिसतो आणि डोकं तापतं. चपला काढून, रेघेवर पाय न देता फिरा.

मालवणकडं

सिंधुदुर्गावर जायची बोट मालवणच्या जेटीवरून सुटते. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत ती बंद असते. सकाळची पहिलीच बोट पकडा आणि जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, बोटवाला "काही होत नाही" म्हणाला तरी. महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. टँकरच्या गावातून आलेली माणसं तटबंदीपेक्षा या विहिरींपाशी जास्त वेळ रेंगाळतात. मीही घाई करत नाही.

तारकर्लीच्या पुढं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नदीच्या तोंडाशी वाळूचं जे बेट दिसतं, ते बघायलाही ओहोटीच लागते, म्हणजे परत पंचांग. बोटीचे, स्कुबाचे (पाण्याखाली बुडी मारण्याचे) भाव आधी विचारा. भावात फोटो-व्हिडिओ धरलेत का तेही विचारा. दम्याच्या, हृदयाच्या माणसानं स्कुबाच्या नादी लागू नये. फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचायचा असतो.

दापोली-गुहागरचं थोडक्यात: कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत क्रूझर चढते, खाडीचा मोठा वळसा वाचतो आणि पोरं खूश होतात. हर्णैचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं. पिल्लं कधी निघतील हे कुणाच्या हातात नाही, त्यामुळं एक मुक्काम जास्तीचा ठेवा.

माळकरी आणि मासे

आपल्याकडच्या गाडीत अर्धे माळकरी असतात. कोकणात खोली ठरवताना पहिला प्रश्न एसीचा नको, चुलीचा विचारा. "आमच्यात पाच जण माळकरी आहेत, त्यांचं वेगळ्या भांड्यात होईल का?" असं फोनवरच स्पष्ट बोला. पुष्कळ घरगुती खानावळी फक्त शाकाहारी असतात, गणपतीपुळे-गुहागरकडं जास्त. तिथं उकडीचे मोदक, घावन, डाळिंब्यांची उसळ मिळते आणि आजी-आजोबांची काळजी मिटते. मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात.

भाकरीची मात्र आठवण येणारच. तांदळाची भाकरी दोन दिवस गोड लागते, तिसऱ्या दिवशी म्हातारी माणसं ज्वारी मागतात. म्हणून पीठ, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरून घ्या. घरच्या काकूंना नीट विचारलं तर त्या चूल देतात. बऱ्याचदा त्या स्वतःच बाजूला बसून ज्वारीची भाकरी कशी थापतात ते बघतात, आणि निघताना उरलेलं पीठ ठेवून घेतात.

मासे पहिल्यांदा खाणाऱ्याला सुरमई द्या, मधला एक काटा काढला की झालं. बांगडा चवीला भारी, पण बारीक काट्यांनी नवखा माणूस घाबरतो. कालवणात तिरफळ दिसेल, मिरीएवढं, खरबरीत. ते ताटात बाजूला काढायचं, चावलं की जीभ बधिर होते. पापलेटचा, सुरमईचा भाव रोज बदलतो, म्हणून ताट मागवण्याआधी विचारायचं. सोलकढी सगळ्यांना चालते, माळकऱ्यांनासुद्धा. फक्त ती माशाच्या पळीनं वाढलेली नको, एवढं बघा.

खरेदी शेवटच्या दिवशी करा. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आंबापोळी, काजू. आमसूल हाताला चिकट लागलं पाहिजे. दगडासारखं वाळलेलं असेल तर जुनं. हापूसची पेटी रस्त्यावर नको, बागेतून घ्या, खोक्यावर देवगड छापलं म्हणून आत देवगडचाच असेल असं नाही. आणि रोख पैसे जवळ ठेवा, सड्यावरच्या गावात रेंज गेली की फोनमधले पैसे निघत नाहीत.

राहता राहिलं पंढरपूर. परतीला ठेवलं की गाडीत हमखास वाद होतो: निम्म्यांनी कालपर्यंत मासे खाल्लेले, माळकरी म्हणतात तसंच पांडुरंगाला कसं जायचं, आणि पोरं म्हणतात आंघोळ केली की झालं. म्हणून मी पंढरपूर जातानाच घेतो, बार्शी-कुर्डुवाडीवरून, एकादशी टाळून. पंढरपूर घ्यायचं असेल तर रात्री न निघता सकाळी घरून निघायचं, दुपारी दर्शन, रात्री कोल्हापुरात मुक्काम. येताना फोंडा घाट चढून राधानगरी, कोल्हापूर, सोलापूर. मालवणहून सकाळी सहाला निघालात तर घाट उजेडात होतो आणि रात्री उशिरा का होईना, औसा गाठता येतं.